बंदुकीचा गंज, फवाऱ्याचा लेप आणि परवान्यावरील अंक

कोंकणांतील शेतकऱ्याच्या घरीं कोयता, कुदळ व फावडें ह्यांच्या जोडीला पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक पुष्कळ ठिकाणीं आढळते. रानडुकरें व वानरें ह्यांना पिकापासून दूर ठेवण्यास तिचा नुसता आवाजही उपयोगी पडतो. जनावर मारण्याच्या बाबतींत मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचीं बंधनें निराळीं आहेत, हें विसरूं नये. खारा वारा व चार महिन्यांचा पाऊस ह्यांमुळें ह्या बंदुका लवकर गंजतात. हल्लीं फवाऱ्यानें बसविण्याचे टिकाऊ लेप मिळतात व ते घरींही लावतां येतात, असें ऐकून कित्येक शेतकरी बंधु त्यांविषयीं पृच्छा करितात. म्हणून त्या विषयाची माहिती येथें क्रमानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. गंज कां चढतो

लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तिन्ही एकत्र आलीं कीं गंज चढतो; मीठ त्यांत भर घालतें. ठासणीच्या बंदुकीला आणखी एक शत्रु आहे. काळी दारू जळल्यावर जी राख उरते तींतील क्षार हवेंतील ओलावा ओढून घेतात. हे क्षार पाण्यांत विरघळतात, तेलांत विरघळत नाहींत. म्हणून बार काढल्यावर नुसतें तेल चोळणें व्यर्थ होय. आधीं साबणाच्या कढत पाण्यानें नळी धुवावी, पूर्ण कोरडी करावी व मगच तेल द्यावें.

२. लेपाचे प्रकार

बंदुकीच्या नळीवर जो निळसर काळा रंग दिसतो तोही एक प्रकारचा नियंत्रित गंजच आहे. तो फार पातळ व सच्छिद्र असल्यामुळें तेलावांचून टिकत नाहीं. फॉस्फेटचा थर तेल धरून ठेवितो व वरच्या रंगास चांगली पकड देतो. फवाऱ्याचे लेप ह्यांहून निराळे आहेत. त्यांत राळेसारख्या पदार्थांत चिनी मातीच्या जातीचे सूक्ष्म कण किंवा वंगणाचे गुण असलेलीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. कांहीं लेप भट्टींत भाजून पक्के होतात. सेराकोट नांवाच्या लेपाची एच जात सुमारें १२१ अंश शतमान उष्णतेवर दोन तास ठेवावी लागते. कांहीं लेप हवेंतच सुकतात. पण ते पूर्ण कठीण होण्यास कित्येक दिवस लागतात. थराची जाडी सुमारें २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा, असते.

३. कायद्याची बाजू

आमची नोकरी महसूल खात्यांत झाली असल्यामुळें ह्या बाजूकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधितों. शस्त्र अधिनियम, १९५९, ह्याच्या कलम ८ प्रमाणें बंदुकीवरील नांव, अंक वा ओळखीची खूण पुसणें, काढणें किंवा बदलणें हा गुन्हा आहे. इतकेंच नव्हे, तर ज्याच्या ताब्यांत अशी बंदूक सांपडेल त्यानेंच ती खूण पुसली, असें उलट शाबीत होईपर्यंत गृहीत धरिलें जातें. जुन्या बंदुकीवरील अंक मुळांतच उथळ असतो. काचकागदाचे चार हात अधिक फिरले, तर गंजाबरोबर अंकही जातो. आणि लेपाचा थर जाड बसला, तर उरलेला अंक वाचतां येत नाहीं. मग परवान्याचें नूतनीकरण असो कीं निवडणुकीच्या वेळीं ठाण्यांत बंदूक जमा करणें असो, परवान्यावरील अंक बंदुकीवरील अंकाशीं जुळविण्याची वेळ आली कीं निरपराध मनुष्य अडचणींत येतो.

दुसरी गोष्ट. कलम ५ प्रमाणें बंदुकांच्या दुरुस्तीच्या धंद्यासही परवाना लागतो. म्हणून मोटारींना रंग देणाऱ्या कारागिराकडे किंवा गांवच्या लोहाराकडे बंदूक ठेवून येऊं नये. लेप देणें दुरुस्तींत मोडतें कीं नाहीं ह्याचा तर्क स्वतः करण्यापेक्षां परवाना देणाऱ्या कार्यालयास लेखी विचारावें व उत्तर जपून ठेवावें.

४. कृति

(१) प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. केप काढावी; नळींत गज घालून तो तळापर्यंत जातो कीं नाहीं हें बाहेरून माप घेऊन पाहावें. आंत बार असल्याचा संशय आल्यास काम थांबवून जाणत्या परवानाधारक कारागिराकडे जावें.

(२) नळीस खोल खड्डे पडले असल्यास लेप देऊं नये. लेपानें खड्डा झांकतो, पण पातळ झालेलें लोखंड जाड होत नाहीं. अशी नळी फुटून हात व डोळे जाण्याचा संभव असतो.

(३) कुंदा व इतर लांकडी भाग वेगळे करावे. नळीचें तोंड, आंतील पोकळी व केपेच्या चोंचीचें छिद्र बुचांनीं घट्ट बंद करावें.

(४) अंक व खुणा ह्यांची नोंद करून छायाचित्र घ्यावें. त्या जागीं घासूं नये व चिकटपट्टी लावून ती जागा लेपाबाहेर ठेवावी. तेथें पुढें तेलाचा हात देत जावा.

(५) तेलाचा अंशही राहतां कामा नये. ॲसिटोननें पुसल्यावर उघड्या हातानें स्पर्श करूं नये. बोटांच्या तेलानेंही लेप सुटतो. नंतर ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांनीं पृष्ठभाग खरबरीत करावा.

(६) फवारा पातळ व सारखा द्यावा. मिश्रणाचें प्रमाण, उष्णता व वेळ डब्यावर लिहिल्याप्रमाणेंच ठेवावीं. दुनळी बंदुकीच्या नळ्या पुष्कळदां कथील व शिसें ह्यांच्या डाकानें जोडलेल्या असतात. असा डाक १८३ अंशांच्या सुमारास वितळूं लागतो, हें भट्टी पेटवितांना ध्यानांत असावें.

पहिला प्रयोग बंदुकीवर न करितां जुन्या कोयत्यावर करावा. लेप सुटला तर कोयत्याचें कांहीं बिघडत नाहीं.

५. शरीराचें रक्षण

दोन भाग मिसळून करण्याच्या कित्येक लेपांतील कठीण करणाऱ्या द्रव्यांत आयसोसायनेट असतें. त्याच्या वाफेनें दमा जडतो. तोंडास फडकें बांधून भागत नाहीं. वाफ शोषणारा योग्य मुखवटा हवा. नदीच्या वाळूचा झोत मारूं नये. तिच्या धुळीनें फुप्फुसें कायमचीं निकामी होतात. ॲसिटोनजवळ चूल, विडी वा दिवा नसावा. ज्या भट्टींत भाकरी भाजतात तींत लेप भाजूं नये.

६. सारांश

लेप कितीही उत्तम असला, तरी तो नळीच्या आंत लागत नाहीं. आणि दारूचा क्षार मुख्यतः आंतच बसतो. तेव्हां कढत पाणी, कोरडें फडकें व तेल ह्यांची रजा लेपानें होत नाहीं. ज्यास योग्य हत्यारें, मुखवटा व भट्टी जमविणें शक्य नाहीं, त्यानें परवानाधारक कारागिराकडून काम करून घ्यावें, किंवा महिन्यांतून दोनदां तेलाचा हात देऊन संतुष्ट असावें. जुन्या बंदुकीचा रंग उडाला तर ती विरूप दिसते, एवढेंच. अंक उडाला तर बंदूक जाते, परवाना जातो व कचेरीचे हेलपाटे मात्र उरतात. ह्यास्तव बंदूक हातीं घेतांना आधीं अंक पाहावा, मग गंज पाहावा, आणि रंगाचा विचार सर्वांच्या शेवटीं करावा.