न पाघळणारं चॉकलेट

सोलापूरचा मे महिना, दुपारचे साडेचार, पारा ४२ वर. रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं, पण बेकरीच्या काचेच्या कपाटात चॉकलेट लावलेले केकरोल मात्र चकचकीत. फ्रीज नाही, नुसता पंखा. दुकानदार अभिमानानं सांगायचा, "उन्हातबी पाघळत नाही साहेब, बिनधास्त घेऊन जावा." मी घेऊन जायचो. सहा वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, ऑफिसातल्या चहाबरोबर एक. सोलापूरच्या उन्हात जे पाघळत नाही ते चॉकलेट कसलं, हा प्रश्न काही मला पडला नाही.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. वडिलांना मधुमेह होता, म्हणून चाळिशीतच चहातली साखर सोडली. त्याचा तोरा केवढा! कुणाच्याही लग्नात "मला बिनसाखरेचा" हे चार माणसांना ऐकू जाईल असं सांगायचो.

गेल्या वर्षी कारखान्यात तपासणीचं शिबिर झालं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ६.३ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ ला माणूस आत. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० च्या आत हवं, ते २४०. बायकोला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "गोड काय काय खाता?" म्हटलं, "काहीच नाही." आणि खोटं बोलत होतो असंही नाही. माझ्या लेखी गोड म्हणजे पेढा, हुग्गी, शेंगापोळी. केकरोल 'चहाबरोबरचं' या खात्यात जमा होता. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "मग रोज शर्टावर ते काळं काय सांडलेलं असतं?"

त्या संध्याकाळी केकरोल घरी आणला आणि वजनकाट्यावर ठेवला. ८० ग्रॅम. बेकरीच्या सुट्या मालावर लेबल नसतं, म्हणून त्याच जातीचा पाकीटबंद केक आणून त्याच्या पाठीवरचे आकडे घेतले. १०० ग्रॅमला ४३० कॅलरी, ३४ ग्रॅम साखर, १९ ग्रॅम स्निग्धांश, त्यातले १० संपृक्त, प्रथिनं जेमतेम ५. म्हणजे माझ्या एका रोलमध्ये अंदाजे ३४५ कॅलरी आणि २७ ग्रॅम साखर, जवळजवळ सात चमचे. दोन कप चहातले चार चमचे वाचवून मी सात खात होतो! जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. माझा दिवसाचा कोटा एका रोलमध्येच संपत होता. तेवढ्याच कॅलरीत १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकरी होतात, त्यात प्रथिनं दहाएक ग्रॅम आणि तंतूही जवळपास तेवढेच.

आता ते न पाघळण्याचं गुपित. खऱ्या चॉकलेटातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर ते जिभेवर विरघळतं. पण ते महाग. त्याऐवजी कोको पावडर, साखर आणि पाम कर्नलसारख्या तेलाची घट्ट केलेली, उन्हात सहज न पाघळणारी चरबी मिसळतात. बेकरीवाले त्याला 'कंपाउंड' म्हणतात. पाम कर्नल तेलात संपृक्त चरबी ८० टक्क्यांच्या घरात. "डार्क चॉकलेट हृदयाला चांगलं" हे वाचून मी मनाची समजूत घालत होतो, पण त्यातला जो गुण सांगतात तो कोकोचा. कंपाउंडमध्ये कोको रंगापुरता.

१ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे खाद्यपदार्थातल्या तेल-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांहून जास्त चालत नाही. कायदा चांगलाच आहे. पण 'ट्रान्स फॅट शून्य' वाचून हुरळू नका, खालची संपृक्त चरबीची ओळही बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, साखर पहिली किंवा दुसरी असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. आणि आकडे कितीचे आहेत ते तपासा. कधी कधी ते २५-३० ग्रॅमच्या 'एका सर्व्हिंग'चे असतात आणि आपण अख्खं पाकीट संपवतो.

मधे एक शहाणपणा केला, 'शुगर फ्री' पेस्ट्री आणली. साखर नव्हती, पण मैदा तोच, चरबी तीच. वर साखरेऐवजी घातलेल्या माल्टिटॉलनं पोटात असा गुबारा धरला की रात्रभर येरझाऱ्या. असल्या वस्तूंवर एक पैसाही घालवू नका.

हल्ली चहाबरोबर कडक भाकरीचा तुकडा आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. मूठभरच, कारण शेंगदाण्याच्याही १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि सोलापूरकराला शेंगा दिसल्या की हात आवरत नाही. मुलीच्या वाढदिवसाला केक खातो, जेवणानंतर, अर्धा तुकडा, आणि तो गोडाच्याच खात्यात लिहितो. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चालून येतो.

परवाची एचबीए१सी ५.९ आली. उंबरठा अजून ओलांडून बाहेर पडायचाय.