व्हिसा लागत नाही म्हणून

नेपाळला व्हिसा लागत नाही, एवढ्यावर आमच्या तरुण संघाने मिशन ट्रिपचा देश ठरवला. केनियाचं तिकीट परवडेना, नेपाळ मात्र कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गाडी पकडून गाठता येतं: कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, पुढे बसने सुनौलीची सीमा. मुलुंडची आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान, त्यात मी बँकेतून निवृत्त झालेली. म्हणून हिशेब माझ्याकडे आला, आणि मुलींबरोबर कुणीतरी मोठी बाई हवी म्हणून प्रवासही. आता घाटकोपर-बोरिवलीच्या मंडळ्यांतून फोन येतात, ‘काकू, तुम्ही मिशन ट्रिप करून आलात ना? काय काय घ्यायचं बरोबर?’

घ्यायचं ते घ्या, पण पत्रकं नेऊ नका.

आमच्यातल्या एकाने नेपाळी पत्रकांचा गठ्ठा सॅकमध्ये तळाशी घातला होता. उत्साही, प्रार्थनाशील मुलगा. हेतूत काहीच खोट नव्हती. आम्ही उतरलो होतो लुंबिनी प्रदेशातल्या एका डोंगरी गावात, तिथल्या पाळकांच्या घरी. बाजाराच्या दिवशी हा पठ्ठ्या भाजीवाल्यांच्या रांगेतून पत्रकं वाटत गेला. लोकांनी हसून घेतली. संध्याकाळी पाळकांना चौकीवर बोलावणं आलं. कागद कुठून आले, कुणी वाटले, पाहुणे कोण? त्यांनी आमच्यापैकी कुणाचंही नाव घेतलं नाही. पहाटेच्या पहिल्या बसने आम्हाला बुटवलला धाडलं आणि स्वतः पुढे कित्येक महिने हजेरी लावत राहिले. आम्ही तोवर मुलुंडच्या व्यासपीठावरून साक्षी देत होतो.

कायदा नीट वाचला असता तर हे टळलं असतं. नेपाळच्या 2015 च्या संविधानातलं कलम 26 आपला धर्म पाळायची मोकळीक देतं आणि त्याच कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत कलम 158 आहे. धर्मांतर करणं, तसा प्रयत्न करणं किंवा त्याला चिथावणी देणं यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 नेपाळी रुपयांपर्यंत दंड. परदेशी असाल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. व्हिसा लागत नसला तरी तिथे आपण परदेशीच. आणि यात चिडण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला धर्मप्रचार करता येत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो.

हा कायदा नुसता कागदावर नाही. तो यायच्या आधीच, 2016 मध्ये, दोलखा जिल्ह्यातल्या चरिकोटला आठ ख्रिस्ती लोकांवर खटला झाला होता. भूकंपाने धास्तावलेल्या शाळकरी मुलांना येशूच्या गोष्टीची चित्रपुस्तिका दिली, हा आरोप. वर्षअखेरीस ते निर्दोष सुटले. पोखऱ्याचे पास्टर केशवराज आचार्य यांना 2020 मध्ये अटक झाली, 2021 मध्ये डोल्पाच्या जिल्हा न्यायालयाने दोन वर्षांची कैद सुनावली, ती अपिलात एका वर्षावर आली. पाहुणा गाडीत बसून परत येतो, तिथल्या मंडळीला त्याच गावात राहायचं असतं. म्हणून काय बोलायचं, कुठे जायचं, कुणाशी प्रार्थना करायची, हे तिथले पाळक ठरवतील. ‘आम्ही फक्त भेटायला आलोय’ असं सीमेवर सांगून आत वेगळंच करणार असाल, तर जाऊच नका.

फोटोंचंही तेच. आमच्या मुलींनी नदीकाठच्या बाप्तिस्म्याचे फोटो रात्रीतच स्टेटसला टाकले, चेहरे स्पष्ट, गावाच्या नावासकट. विक्रोळीच्या मावशीला दाखवायला ठीक, पण कलम 158 असलेल्या देशात हा आयता पुरावा होतो. पाळकांच्या बायकोने विनवलं तेव्हा ते काढले. आता मी निघायच्या आधीच सगळ्यांना सांगते: बाप्तिस्मा, प्रार्थना, तिथली मुलं, यांचे फोटो नाहीत. डोंगराचे हवे तेवढे काढा.

दुसरी गोष्ट जरा विनोदी. आमचा सगळा कार्यक्रम रविवार धरून आखलेला: गीतं, नाटुकलं, संडे स्कूलच्या मुलांसाठी खेळ. रविवारी देवळात पोचलो तर दाराला कुलूप. नेपाळात साप्ताहिक सुट्टी पूर्वापार शनिवारची, त्यामुळे उपासनाही शनिवारी. 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला आणि मंडळ्या तेव्हा उपासनेला जमलेल्या होत्या. त्या पाळकांनी हे सांगितलं, तेव्हा आमचं नाटुकलं आपोआप बारगळलं. एक फोन केला असता तरी ही साधी गोष्ट कळली असती. पण ज्यांच्याकडे जायचं त्यांना काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

काय हवं होतं, ते मला योगायोगाने कळलं. पाळकांच्या टेबलावर जमाखर्चाची वही उघडी पडली होती. अर्पणाची रक्कम, बांधकामाचा पत्रा आणि घरचा किराणा, सगळं एकाच पानावर. मी नकळत पेन उचललं. दोन दुपारी आम्ही बसलो. मी हिंदीत, ते नेपाळी-हिंदीत. मला ‘दिदी’ म्हणत आणि प्रत्येक नव्या पानाला ‘जय मसीह’ म्हणत. अर्पण वेगळं, बांधकाम वेगळं, घर वेगळं, महिन्याचा ताळा. आमच्या त्या आठवड्यात त्यांच्या उपयोगी पडलेलं एवढंच. मुलांनी शाळेची भिंत रंगवली, पण त्या गावात रंगारी होते आणि त्या दिवसांत ते बसून होते.

यावर आमचे तरुण वसईच्या गोन्सालो गार्सियाचं उदाहरण देतात. तो जपानला गेला, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला क्रुसावर मारला गेला, 1862 मध्ये संत झाला. खरं आहे. पण तो आधी जपानात राहून जपानी शिकला होता आणि फ्रान्सिस्कनांचा दुभाषा म्हणून गेला होता, हे कुणी सांगत नाही. उलट बाजूने पाहायचं तर 1813 मध्ये मुंबईत उतरलेला अमेरिकन गॉर्डन हॉल पाहा. कंपनी सरकारने त्याला परत पाठवायचा हुकूम काढला होता. तो राहिला, मराठी शिकला, नव्या कराराच्या मराठी भाषांतराला बसला आणि 1826 मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने गेला. इतकी वर्षं आपल्यात काढणाऱ्याशी आपल्या आठवड्याची बरोबरी करू नये. ‘मिशनरी’ हे बिरूद टी-शर्टवर छापून घेण्याआधी याचा विचार व्हावा. (आम्ही छापले होते. पिवळे.)

आता पैशाचं, कारण तिथे मंडळ्या हमखास घसरतात. मंडळी नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो, ऑडिट होतं. न्यासाचा पैसा भारताबाहेर खर्च केला की प्राप्तिकराच्या सवलतीवर गदा येऊ शकते; त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. म्हणून प्रवास आपापल्या खिशातून करा, मंडळीच्या दानपेटीतून नाही. कुणाकडून मदत घेतली तर ती कुणी, कुणाला, कशासाठी दिली हे लिहून ठेवा. अंधेरीतल्या एका ओळखीच्या गटाकडून कुणी ‘परदेशी सेवेची नोंदणी फी’ म्हणून रोख घेतली, पावती दिली नाही आणि पुढे फोन उचलणं बंद केलं. पावती देत नाही तो सेवक असो की एजंट, त्याला पैसे देऊ नका.

कागदपत्रांत सर्वात मोठा घोळ आधारचा होतो. विमानाने नेपाळला जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते फक्त 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वर्षांवरच्यांना. पासपोर्ट काढायचा तर मालाड किंवा अंधेरीच्या सेवा केंद्रात वेळेत अर्ज करा, पोलीस पडताळणीला दिवस लागतात. युगांडा-केनियासारख्या देशांत जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी. त्याहून उशिरा घेतली तर प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत, आणि प्रमाणपत्राशिवाय परतलात तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून. काही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात, आणि दादरचं स्टेशन दिसलं की आपली मुलं गोळी विसरतात.

आणि जिथे युद्ध आहे तिथे हौसेने जाऊ नये. येमेनमधल्या एडनला मार्च 2016 मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या चार भगिनी मारल्या गेल्या, फादर टॉम उझुन्नालिल यांचं अपहरण झालं आणि ते सप्टेंबर 2017 मध्ये सुटले. ती माणसं तिथे वृद्धांची सेवा करत राहत होती. आठवडाभराच्या पाहुण्याला तिथे काही काम नाही.

आमची मंडळी पुन्हा नेपाळला जाणार आहे. या खेपेला पाळकांनीच दोघांना बोलावलंय: एक नर्स आणि एक हिशेब शिकवणारं माणूस. बाकीच्यांनी मुलुंडलाच राहावं, असा त्यांचा निरोप आहे आणि मला तो पटतो. तुमच्याकडेही अशी सहल ठरत असेल तर तिकीट काढायच्या आधी तिथल्या पाळकांना फोन लावा, आणि ते ‘येऊ नका’ म्हणाले तर ऐका.