आधी तारीख विचार, मग किंमत

पोरी, शोरूममधली ती काचेजवळ उभी असलेली गाडी तुझ्या मनात भरली आहे आणि सेल्समनने "मॅडम, डिस्प्लेचा पीस आहे, चांगली सूट बसवून देतो" असं सांगितलंय, हे तुझ्या बाबाकडून कळलं. अवश्य घे. डिस्प्लेची गाडी घेण्यात काही वावगं नाही, पारखून घेतली तर चार पैसे वाचतात आणि गाडी नव्यासारखीच चालते. पण माझी सगळी नोकरी गाड्यांच्या शोरूममध्ये, हिशेबाच्या टेबलावर गेली. सूट कुठून येते आणि कुठे जिरते, हे बिल बनवणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं. म्हणून आत्याचे चार शब्द ऐक आणि मगच पैशांचं बोल.

गाडीची जात आधी ओळख

शोरूमच्या बोलण्यात "डिस्प्ले" आणि "डेमो" हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तू गल्लत होऊ देऊ नकोस. डिस्प्लेची गाडी फरशीवर उभी असते, तिचं पासिंग झालेलं नसतं आणि मीटरवर फार तर यार्डातून ये-जा केल्याचे किलोमीटर असतात. डेमोची, म्हणजे टेस्ट ड्राइव्हची गाडी लाल पाटी लावून रस्त्यावर पळवलेली असते, आणि तीही दहा जणांच्या हातून. तिसरा प्रकार डीलरच्या नावावर पासिंग झालेल्या गाडीचा. ती घेतलीस तर आरसी बुकावर तू दुसरी मालक. मग तिचा भाव सेकंडहँड गाडीचा, नव्यावर सूट दिल्याचा नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचार: "हिचं पासिंग माझ्या नावावर पहिलंच होणार ना?" उत्तर सेल्समनकडून नको, मॅनेजरकडून घे.

तारीख बघ, डोळ्यांनी बघ

गाडी कधी बनली हे तोंडी ऐकू नको. बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी असते. तिच्यावर १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर असतो आणि बऱ्याच कंपन्या बनावटीचा महिना-वर्षही छापतात. पट्टीवर नसेल तर थेट सांग, "फॉर्म २१ वर कुठला महिना येणार ते दाखवा." फॉर्म २१ म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र. त्यात बनावटीचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं, आणि तेच पुढे आरसीवर चढतं.

मग खाली वाक आणि टायर वाच. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार अंक असतात. ३२२४ असेल तर तो २०२४ सालच्या ३२व्या आठवड्यातला, म्हणजे ऑगस्टमधला टायर. चारही चाकं बघ, स्टेपनी बघ. गाडीपेक्षा टायर थोडे आधीचे असणं साहजिक आहे. पण एखादाच टायर गाडीच्या तारखेनंतरचा निघाला, तर तो का बदलला ते विचारायचंच.

तारखेला एवढं महत्त्व का, तर ती गाडीला कायमची चिकटते. डिसेंबर २०२४ मध्ये बनलेली गाडी तू मार्च २०२५ मध्ये घेतलीस, तरी विकायला काढशील तेव्हा समोरचा "चोवीसचं मॉडेल" म्हणूनच भाव करणार. तीन महिन्यांच्या फरकापायी एक अख्खं वर्ष अंगावर बसतं. ते नुकसान आज वसूल करायचं असतं, नंतर कुणी भरून देत नाही.

डीलरची नड समजून घे

लोकांना वाटतं गाडी कंपनीने ठेवायला दिलेली असते. तसं नसतं. डीलर ती कंपनीकडून विकत घेतो, आणि बहुतेक वेळा बँकेचे पैसे उचलून घेतो. गाडी उभी, व्याज चालू. समज, आठ लाख अडकलेत आणि व्याज दहा टक्के आहे, तर महिन्याला साडेसहा हजारांच्या वर जातात. सहा महिने उभी राहिली की चाळीस हजार गेले. डीलरांच्या 'फाडा' या संघटनेचं म्हणणं आहे की साठा २१ दिवसांच्या आसपास असावा, पण सप्टेंबर २०२४ मध्ये तिनेच तो ८० ते ८५ दिवसांवर गेल्याचं सांगितलं होतं. म्हणजे उभ्या गाडीची घाई तुझ्यापेक्षा त्यांना जास्त असते. हे मनात ठेव, तोंडाने बोलून दाखवू नकोस.

तीन सुटी, तीन रकाने

हा माझा खरा कानमंत्र. आकड्यांचा सगळा खेळ इथेच चालतो. सेल्समन म्हणेल, "पंचेचाळीस हजार कमी केले, अजून काय हवं?" तू वही उघड आणि तीन रकाने पाड.

पहिला रकाना चालू स्कीमचा. त्यात कंपनीची त्या महिन्याची सूट, जुन्या गाडीवरचा एक्स्चेंज बोनस आणि तू नोकरी करतेस तिथलं कॉर्पोरेट डिस्काउंट येतं. हे ताज्या गाडीवरही मिळतं, तेव्हा ते डिस्प्लेच्या गाडीचं म्हणून मोजू देऊ नको. दुसरा रकाना बनावटीच्या वर्षाचा, गाडी मागच्या साली बनलेली असेल तर. तिसरा रकाना डिस्प्लेचा, म्हणजे लोक बसले, दारं आपटली, बटणं दाबली त्याचा.

शोरूममध्ये जाण्याआधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडून त्याच व्हेरियंटच्या ताज्या गाडीचं लेखी कोटेशन आण. मग बोलणं कसं व्हायला हवं ते सांगते.

"सर, पंचेचाळीसमधले कंपनी स्कीमचे किती?"
"तीस, मॅडम."
"ते ताज्या गाडीवरही मिळतायत, हे बघा कोटेशन. म्हणजे या गाडीचे पंधराच झाले. वर्ष मागचं आहे, सहा महिने फरशीवर आहे. या दोन्हींचं वेगवेगळं सांगा."

एवढं बोल आणि गप्प बस. समोरचा कॅल्क्युलेटर घेऊन मॅनेजरच्या केबिनकडे जाईल. जाऊ दे. ती शांतता आपण बोलून भरायची नसते.

गाडी उन्हात काढायला लाव

शोरूमच्या दिव्यांखाली प्रत्येक गाडी चकाकते, म्हणून ती बाहेर काढायला सांग. उन्हात तिरप्या नजरेने पत्र्यावरून नजर फिरव. एखाद्या दाराचा रंग बाजूच्या पत्र्याहून वेगळा दिसला, रबराच्या कडेला रंगाचे शिंतोडे दिसले, तर तिथे दुरुस्ती झाली आहे. चॅसिस नंबरवरून कंपनीच्या सिस्टीममध्ये काही काम नोंदलेलं आहे का, तेही विचार.

आत बसल्यावर ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघ. बसता-उठता पट्ट्याच्या बक्कलांनी तीच आधी घासते. सगळ्या काचा खालीवर कर, पडद्याला हात लाव, पार्किंगचा कॅमेरा लाव, एसी चालव. बॅटरीवर विशेष लक्ष दे. गाडी बंद ठेवून दिवसभर दिवे नि म्युझिक लावून दाखवलं की बारा व्होल्टची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते, आणि ती दुखापत नजरेला दिसत नाही. नवी बॅटरी मागून घे आणि वॉरंटी कार्डावर तुझ्या डिलिव्हरीची तारीख टाकून घे. मॅट, सीट कव्हर, गार्ड वगैरे जे त्या गाडीवर बसवलेलं आहे ते तिच्याबरोबरच राहील, वेगळे पैसे नाहीत, हेही तेव्हाच ठरव.

ऑनरोडचा कागद ओळ-ओळ वाच

वर दिलेली सूट खाली परत काढून घेतात, ती याच कागदावर. सरकारी आकड्यांवर घासाघीस करू नको. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, तो कुणाच्या हातात नाही. गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस लागतो. तो रिटर्न भरताना हिशेबात धरता येतो, तेव्हा त्याचं सर्टिफिकेट मागायला विसरू नको.

विम्यावर मात्र बोल. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की त्यांचाही आकडा खाली येतो. "हँडलिंग", "लॉजिस्टिक", "एसेन्शियल किट" अशा ओळी दिसल्या की प्रत्येकीसमोर बोट ठेवून विचार, हे कशाचे? नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही काढायला लाव. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ती कंपनीनेच द्यायची असते.

आणि एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. गाडी त्याआधी बनलेली असली तरी कर बिलाच्या दिवसाच्या दरानेच लागतो. "आम्ही सेस आधीच भरलाय" हा भार तुझा नाही.

पितृपक्षात भाव कर, दसऱ्याला चावी घे

आपल्याकडे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा या दिवशी शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीत तुझ्याशी कोण भाव करणार? पितृपंधरवड्यात तेच लोक चहा मागवून बोलतात. तेव्हा सौदा लेखी पक्का कर आणि डिलिव्हरी मुहूर्तावर घे. आजीचं समाधान होतं आणि पैसेही वाचतात. महिन्याची अखेर, डिसेंबरची अखेर, नवं रूप बाजारात येण्याची कुणकुण, या वेळाही चांगल्या. फक्त टोकन दिल्यावर ती गाडी फरशीवरून हलवून मागे लावायला सांग. नाहीतर तुझी झालेली गाडी सणाची गर्दी आणखी पंधरा दिवस हाताळत बसेल.

टोकनच्या पावतीवर काय हवं

चॅसिस नंबर, बनावटीचा महिना-वर्ष, एकूण ऑनरोड रक्कम, बदलून द्यायच्या वस्तू, सौदा मोडला तर टोकन परत मिळण्याची अट. शिवाय वॉरंटी तुझ्या बिलाच्या तारखेपासून चालू होईल हे वाक्य. सूट बिलावर दिसायला हवी, "नंतर खात्यावर टाकतो" हे मान्य करू नको. डिलिव्हरीच्या दिवशी चॅसिस नंबर पावतीशी ताडून बघ आणि मगच सही कर. कागदावर एक आणि हातात दुसरंच आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, ग्राहक आयोग आहे. पण तिथे चालतो तो कागद, आठवण नाही.

शेवटचं, तुझ्यासाठी

शोरूममध्ये तू बाबाला किंवा नवऱ्याला घेऊन गेलीस की सेल्समन रंग तुला दाखवेल आणि किंमत त्यांना सांगेल. हे मी टेबलाच्या पलीकडून कायम बघत आले. तिथेच शांतपणे म्हण, "गाडी माझ्या नावावर आहे, आकडे माझ्याशी बोला." सेल्समनशी आवाज चढवू नको. तो पगार आणि इन्सेंटिव्हवर काम करणारा पोरगा आहे, त्याच्याशी गोड राहिलीस तर मॅनेजरकडे तोच तुझी बाजू मांडतो. मनात एक आकडा ठरवून जा आणि त्याच्या वर गेलं की उठ. नंबर देऊन ये, फोन येईल. नाहीच आला, तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी दुसऱ्या शोरूममध्ये उभी आहे, आणि तिच्या टायरवरही तारीख लिहिलेली आहे. आता ती वाचायला तुला येते.