फुफ्फुसाचा तुकडा काढणारा चिमटा कोण बनवतं?

नीटचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो: एमबीबीएसला नंबर लागला नाही, आता पुढे काय? जीवशास्त्राबरोबर गणितही घेतलेल्या मुलांच्या पालकांना मी अशा वेळी एका कामाबद्दल आवर्जून सांगते. डॉक्टर ज्या उपकरणांनी तपासतात, ती उपकरणं घडवण्याचं काम. सगळ्या क्षेत्राची यादी देण्यापेक्षा एकच वस्तू नीट बघू या: दुर्बिणीतून फुफ्फुसाचा तुकडा काढणारा चिमटा, म्हणजेच बायोप्सी फोर्सेप्स.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये 1897 साली गुस्ताव किलियान यांनी सरळ, ताठ नळी घालून एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेलं हाड काढलं. पुढे 1966 मध्ये जपानच्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारी दुर्बीण जगापुढे आणली आणि फुफ्फुसात खोलवर जाणं शक्य झालं. पण या दुर्बिणीत अवजार सरकवायला जी वाट असते, ती साधारण दोन ते तीन मिलिमीटरची. जे काही करायचं ते तेवढ्यातून.

हा चिमटा मीटरभर किंवा त्याहून थोडा जास्त लांब असतो. डॉक्टरांच्या हातात मूठ, दुसऱ्या टोकाला वाटीच्या आकाराचे दोन इवलेसे जबडे, आणि मध्ये स्टीलच्या तारेचं घट्ट गुंडाळलेलं आवरण. त्याच्या पोटातून सायकलच्या ब्रेकसारखी ओढतार जाते. टेबलावर सरळ ठेवला तर चिमटा झकास चालतो. दुर्बिणीचं टोक फुफ्फुसाच्या वरच्या भागाकडे वळलं की मात्र तार आवरणाला घासते, हाताचा जोर वाटेतच जिरतो आणि जबडे अर्धवटच उघडतात. तार जाड केली तर ती वळत नाही, बारीक केली तर ताणली जाते. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं घर्षण आणि ताण इथे रुग्णाच्या छातीत कामाला येतात.

एवढं जमलं तरी खरी परीक्षा पुढेच असते. तुकडा निघाला, पण जबड्यांत चिरडला गेला, तर पॅथॉलॉजिस्टला पेशी ओळखताच येत नाहीत. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत, विशेषतः स्मॉल सेल कर्करोगात, पेशी फार लवकर चिरडतात. म्हणून काही चिमट्यांच्या वाट्यांना भोक ठेवतात. दाब कमी पडतो. श्वासनलिकेच्या भिंतीवरून जबडे घसरू नयेत म्हणून काहींत मधोमध सुई असते. शिवाय आज निदानावर भागत नाही. कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकीय चाचण्या लागतात आणि त्यांना पुरेसा तुकडा लागतो. गोठवून तुकडा काढणारी क्रायोप्रोबही आली आहे. कार्बन डायऑक्साइड वायू टोकाशी एकदम प्रसरण पावतो, टोक गोठतं, ऊती त्याला चिकटते आणि न चिरडलेला मोठा तुकडा हाती येतो. त्यात रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. हा तोल सांभाळणाऱ्या माणसाचं काम मला डॉक्टरांच्या कामाइतकंच मोलाचं वाटतं.

आता वाटा. पदवीच्या नावात ‘बायोमेडिकल’ हवंच, असं नाही. माझं स्पष्ट मत आहे की चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल मिळत असेल, तर ते आधी घ्यावं आणि एमटेकला उपकरणांकडे वळावं. गेट परीक्षेत 2020 पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. मुंबई आयआयटीत 2014 साली राज्य सरकारच्या विज्ञान आयोगाच्या मदतीने ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झालं. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्थाही याच कामासाठी नावाजलेली आहे. दहावीनंतरच हाताचं काम आवडणाऱ्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे. इतके बारीक जबडे घडवायला असे कसलेले हात लागतातच, त्यामुळे या वाटेला कमी लेखू नका.

पालकांनी दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या मित्रापेक्षा कमी असू शकतो. आणि कागदपत्रांचं काम भरपूर असतं. 2018 च्या जानेवारीपासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणांची धोक्याप्रमाणे ए ते डी अशा चार वर्गांत विभागणी होते. कोणता धातू, किती वेळा वाकवून पाहिला, निर्जंतुक कसा केला, सगळ्याची नोंद लागते. ज्या मुलाला नीटनेटकी नोंदवही ठेवण्याचा कंटाळा आहे, त्याला इथे जड जाईल.

कॉलेज बघायला जाल तेव्हा नुसती प्लेसमेंटची पाटी वाचून परतू नका. वर्कशॉप उघडून दाखवायला सांगा आणि मुलांनी स्वतः बनवलेल्या वस्तू बघायला मागा. तशी एकही वस्तू दिसली नाही, तर दुसरं कॉलेज शोधा.