फिरते घर आणि थांबण्याचे दिवस
(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

वाचनासाठी : उत्पत्ति 6:13-22, यहेज्केल 27:1-9, 2 तीमथ्य 4:9-22

नोहाच्या तारवाची गोष्ट आपण मुलांना वर्षातून एकदा तरी सांगतोच. प्राण्यांच्या जोड्या, चाळीस दिवसांचा पाऊस, कबुतर, मेघातले धनुष्य हे सगळे सांगून होते. परंतु तारवाला आतून आणि बाहेरूनही डांबर लावण्याची जी आज्ञा सहाव्या अध्यायाच्या 14 व्या वचनात आहे, तिच्यापाशी आपण क्वचितच थांबतो. लाकडाच्या फळ्या कितीही बेताने जोडल्या तरी फटींतून पाणी आत येणारच. यहेज्केल संदेष्टा सोर नगराला एका सुंदर गलबताची उपमा देतो, तेव्हा वल्ही आणि शीड यांचे वर्णन करून झाल्यावर गबालच्या अनुभवी वडीलधाऱ्यांचाही उल्लेख करतो. त्यांचे काम एकच, गलबताच्या फटी बुजवण्याचे. गोव्याकडच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या होड्या आणि त्यांच्या डागडुजीची घाई त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे.

नोहाचे कुटुंब सुमारे वर्षभर तारवात राहिले. त्यांना भेटायला कोणी आले नाही, कारण येण्यासाठी कोणी उरलेच नव्हते. परंतु ज्यांचे सारे आयुष्य नावेवर गेले आणि ज्यांचे आईबाप, भाऊबहिणी दुसऱ्या नावेवर किंवा काठावरच्या गावी होत्या, अशा लोकांचे काय होत असेल? ते केव्हा भेटत? त्यांच्या मुलांना अक्षरओळख कोणी करून द्यावी? इंग्लंडच्या कालव्यांवरील नावाडी कुटुंबांची हकिकत या पाठासाठी घेतली आहे. ती दूरची असली तरी आपल्या शिक्षकांच्या उपयोगाची आहे, हे पुढे दिसेल.

सात फुटांचे घर

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या मध्यभागात कोळसा, चिनीमाती, धान्य वाहण्यासाठी कालवे खणले गेले. चढउताराच्या ठिकाणी नाव वर चढवण्यासाठी वा खाली उतरवण्यासाठी दोन्हीकडे दारे असलेले दगडी हौद बांधत. त्यांना लॉक म्हणतात. यांतील पुष्कळ लॉक जेमतेम सात फूट रुंदीचे होते, म्हणून नावही सात फुटांहून अधिक रुंद करता येईना. लांबी मात्र सत्तर फुटांच्या आसपास. ही ती 'नॅरोबोट'. सत्तर फुटांतले बहुतेक सगळे मालासाठी. माणसांसाठी मागच्या टोकाला आठदहा फुटांची एक खोली.

पुढे आगगाडी आली आणि कालव्यावरचे भाडे उतरले. गड्याला मजुरी देणे परवडेना, गावातल्या खोलीचे भाडेही परवडेना. तेव्हा अनेक नावाड्यांनी बायकामुलांना नावेवरच आणले. त्या खोलीत शिरताच चूल, कोळशाची पेटी हीच आत उतरण्याची पायरी, कपाटाचे दार खाली पाडले की तेच जेवणाचे मेज, आणि रात्री आडवी फळी टाकली की नवराबायकोचा बिछाना. बाजूच्या बाकावर मुले. एवढ्या जागेत पाच-सहा मुले वाढवलेली कुटुंबे होती. पाण्याचे डबे आणि दारे यांवर गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवण्याची त्यांची रीत होती, आणि पितळी कड्या अशा घासलेल्या असत की पाहणाऱ्याने पाहत राहावे.

या लोकांसाठी पार्लमेंटात कायदा व्हावा म्हणून झटला तो कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ. हा मेथडिस्ट गृहस्थ लहानपणी स्वतः वीटभट्टीवर राबलेला. त्याच्या खटपटीने 1877 साली आणि पुन्हा 1884 साली कालव्यावरील नावांसंबंधी कायदे झाले. प्रत्येक राहत्या नावेची नोंद होऊ लागली आणि खोलीत किती माणसांनी राहावे हे ठरले. बारा वर्षांवरील माणसामागे 60 घनफूट आणि लहान मुलामागे 40 घनफूट हवा असावी, असा नियम होता. स्मिथची कळकळ खरी होती. पण कायदा व्हावा म्हणून त्याने सगळ्याच नावाड्यांना दारुडे, अडाणी आणि अधर्मी म्हणून रंगवले, आणि नीटनेटके राहणाऱ्या कुटुंबांना ते फार लागले. कायदा अवश्य होता. बदनामी मात्र अवश्य नव्हती, असे माझे मत आहे. गरिबांची बाजू मांडणारा पुष्कळदा त्यांचीच अब्रू खर्ची घालतो, आणि हे मंडळीच्या अहवालांतही घडते.

नाव थांबली की मजुरी थांबली

नावेची निगा दोन प्रकारची होती. एक रोजची. खोली पुसणे, पितळ घासणे, तळाशी साचलेले पाणी पंपाने काढणे, दोरखंड तपासणे, घोडा असेल तर त्याचे दाणापाणी. हे काम चालत्या नावेवरच उरके आणि त्यातले बरेचसे बायका व मुलेच करीत. दुसरी मोठी डागडुजी. काही वर्षांनी लाकडी नाव पाण्याबाहेर गोदीत घ्यावी लागे. जुन्या दोरांचे तंतू डांबरात भिजवून फळ्यांच्या फटींत ठोकून बसवत. काही गोद्यांत डांबर, गुरांचे केस आणि घोड्याची लीद एकत्र कढवून तो गरम लेप लाकडावर फासत. वाचायला किळसवाणे, पण पाणी अडवण्यास फार उत्तम.

मजुरी फेरीवर आणि मालाच्या वजनावर मिळे. म्हणून थांबणे कोणालाच नको असे. समोरून येणाऱ्या नावेवर सख्खी बहीण असली तरी दोन्ही नावा एकमेकींना ओलांडून जाईपर्यंत जो काय मिनिटभर मिळेल तेवढीच भेट. त्यात आईची तब्येत, कोणाला मूल झाले, पुढच्या लॉकवर किती नावा खोळंबल्या आहेत, एवढे सांगून व्हायचे. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे. निरोप लॉकच्या राखणदाराकडे किंवा काठच्या दुकानदाराकडे ठेवायचा, आणि पत्र आलेच तर त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचे. एका नावेवर मुले जास्त आणि मामाच्या नावेवर हात कमी असले तर एखादे मूल तिकडे कामाला देत. त्या मुलाची आणि आईची पुढची गाठ कोठे पडेल हे मालाच्या मागणीवर ठरे.

मग नातलग भेटत केव्हा? नाव थांबणे भागच असे तेव्हा. गोदीत डागडुजी चालू असताना, कोळसा भरण्यासाठी रांगेत असताना, पुढच्या मालाच्या हुकुमाची वाट पाहताना, आणि हिवाळ्यात कालवा गोठला म्हणजे. लंडनच्या पश्चिमेस बुल्स ब्रिज आणि कॉव्हेंट्रीजवळ हॉक्सबरी येथे अशा नावा काठाला ओळीने बांधलेल्या असत. घरच्या गोष्टी अशाच खोळंब्याच्या जागी मार्गी लागत. नॉर्दॅम्प्टनशायरमधील ब्रॉन्स्टन गावचे चर्च कालव्याच्या काठच्या टेकडीवर आहे. नावाडी घराण्यांची किती तरी लग्ने, बाप्तिस्मे व दफनविधी तेथे झाले.

ज्यांनी ही गोष्ट ओळखली त्यांचेच काम टिकले. ब्रेंटफर्ड येथे कालवा टेम्स नदीला मिळतो. तेथे लंडन सिटी मिशनने 1904 साली नावाड्यांसाठी इमारत बांधली. उपासना तर होतीच, पण मुलांसाठी वर्ग आणि बाळंतिणीसाठी खोलीही होती. 1930 साली वेस्ट ड्रेटन येथे 'एल्सडेल' नावाच्या जुन्या बार्जमध्येच शाळा थाटली आणि पुढे ती बुल्स ब्रिजला नेली, कारण मुले असत ती तेथेच. मुक्तिफौजेनेही 1950 नंतरच्या काळात आपल्या नॅरोबोटी कालव्यांवर ठेवल्या होत्या. आणि स्टोक ब्रुअर्न गावी लॉकच्या काठावरच सिस्टर मेरी वॉर्ड ही परिचारिका राहत असे. नावाड्यांची दुखणी आणि बाळंतपणे हे तिने आपले जीवितकार्य मानले. 1951 साली तिला सरकारी पदक मिळाले, आणि 1962 साली ती निवृत्त झाली. ती नावाड्यांना दवाखान्यात बोलवीत बसली नाही. त्यांना लॉकपाशी थांबावेच लागे, आणि दार उघडले की ती समोर होती.

याच्या उलट 1921 सालच्या सरकारी समितीची सूचना पाहा. शाळेच्या दिवसांत शाळकरी मुलांना नावेवर राहू देऊ नये, असे तिने सुचवले. मुलांची निरक्षरता पाहता हेतू वाईट नव्हता. पण आईबापांनी मुले ठेवायची कोठे, आणि नावेवर त्यांच्या हातचे काम करायचे कोणी, याचे उत्तर कुटुंबांना हवे होते. तसा कायदा झाला नाही. शिकावे की एकत्र राहावे, ही निवड नावेवरच्या आईला मात्र पुढेही करावी लागली. काहींनी मूल आजीकडे काठावर ठेवले आणि महिनोन्महिने त्याचे तोंड पाहिले नाही.

पौलाची विनवणी येथे वाचावी. बंदिवासातून तो तीमथ्याला लिहितो की त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके घेऊन ये, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर. आपण झग्यावर भाष्य करतो आणि हिवाळ्याचे दोन शब्द ओलांडून जातो. हिवाळ्यात समुद्रावरची वाहतूक जवळजवळ बंद पडे. शरद ऋतूत निघायचे राहिले की भेट वसंतावर गेली, आणि पौलाच्या हाती तेवढे दिवस होते की नाही कोणास ठाऊक.

आताचे नावेवरचे लोक

डिसेंबर 1962 ते मार्च 1963 मध्ये कालवे असे गोठले की मालवाहतुकीचे कंबरडेच मोडले. 1970 च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मुरंब्याच्या कारखान्याला कोळसा पोचवण्याच्या फेऱ्या संपल्या, आणि तेव्हाच लांब पल्ल्याची कौटुंबिक मालवाहतूक संपली असे मानतात. परंतु नॅरोबोटींवर आजही माणसे राहतात. कोणी आवडीने, कोणी निवृत्तीनंतर, कोणी शहरातले घरभाडे परवडत नाही म्हणून. ज्यांनी कायमची जागा घेतलेली नाही, त्यांना 1995 च्या कायद्यानुसार सामान्यतः एका ठिकाणी चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही. अशांना भेटायला जाणारा नातलग घरक्रमांक विचारत नाही, पुलाचा क्रमांक विचारतो. कालव्यावरच्या पुलांना क्रमांक असतात आणि तोच त्या पंधरवड्याचा पत्ता.

पाहुणा येणार म्हणजे नावेवर आधी पाण्याची टाकी भरायची, शौचालयाची टाकी रिकामी करायची आणि गॅस पाहायचा. घरी नळ सोडला की पाणी येते. नावेवर चार माणसे वाढली की टाकी लवकर रिकामी होते, आणि भरण्याची जागा कोसभर दूर असू शकते. म्हणून जाणते यजमान पाहुण्यांना आधीच कळवतात की कडक पेटी नको, दुमडून ठेवता येईल अशी कापडी पिशवी आणा. नाव आणि दगडी भिंत यांच्यामध्ये हात किंवा पाय घालू नये, हे मुलांना पहिल्याच मिनिटाला सांगावे लागते. लॉकमधून खाली उतरताना मागच्या दाराशी पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. नाव त्यावर अडकली आणि पाणी उतरत राहिले तर ती कलंडते. पाहुण्यांशी गप्पा रंगल्या असताना नेमका हाच अपघात होऊ शकतो, म्हणून लॉकमध्ये सुकाणू धरणाऱ्याशी बोलू नये.

आता नावा पोलादी आहेत, पण डांबर सुटलेले नाही. दर दोन-तीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून, धुऊन, वाळवून तळाला डांबरी रंग देतात. तळाला मॅग्नेशियमचे तुकडे जोडलेले असतात. गंज पोलादाऐवजी त्यांनाच खातो, आणि झिजले की ते बदलतात. इंजिनाच्या दांड्याजवळून पाणी झिरपू नये म्हणून ग्रीस भरणे, चुलीचे धुराडे झाडणे, विषारी वायूची सूचना देणारे यंत्र चालू आहे का पाहणे, ही रोजची व आठवड्याची कामे. चार वर्षांनी सुरक्षिततेची तपासणी. रंगकामाच्या त्या दिवसांत पुष्कळ जण मुलांकडे वा भावंडांकडे राहायला जातात. म्हणजे आजही डागडुजीच्या दिवसांनीच नातलगांची भेट घडते. काठच्या पायवाटेवरून नेमाने चालत जाऊन नावेवरच्यांची विचारपूस करणारे ख्रिस्ती स्वयंसेवकही आहेत. आजारी, एकट्या माणसाच्या नावेचे धुराडे थंड दिसले की ते दार वाजवतात.

आपल्याकडचा पाठ

बेळगावच्या शिक्षकांना मी काय म्हणतो ते केव्हाच लक्षात आले असेल. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीची बिऱ्हाडे सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या कारखान्यांकडे येतात, कोप्या घालून राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्यातील एखादे मूल रविवारी वर्गाच्या दाराशी येते, दोन आठवडे बसते आणि दिसेनासे होते. हजेरीपटावर आपण त्याच्यापुढे रेघ ओढतो. अशा मुलासाठी चार भागांची पाठमाला कामाची नाही. एका बैठकीत पुरी होईल अशी गोष्ट तयार ठेवावी. आणि कारखाना केव्हा बंद असतो, टोळी कोणत्या दिवशी विसावते, हे मुकादमाला विचारून ठेवावे. रविवार त्यांना मोकळा असतोच असे नाही.

वर्गासाठी एक कृती सुचवतो. खडूने जमिनीवर नऊ फूट लांब आणि सात फूट रुंद चौकोन आखा. आईबाप आणि चार मुले अशी सहा जणांना त्यात उभी करा. चुलीची जागा, मेजाची जागा, बिछान्याची जागा मुलांनीच ठरवावी. मग दारात आजीला उभे करा, ती दोन दिवस राहायला आली आहे असे सांगा, आणि तिला कोठे निजवायचे हे मुलांनाच आपसात ठरवू द्या.