अंगणातला गुलाब : एकेकटा नको, ताटवा हवा

प्रश्न : घरापुढच्या लहान अंगणात गुलाब कसे मांडावेत? (एक वाचक, देवळा)

उत्तर : मोगल काळात आपल्या नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, म्हणत. आज दिंडोरीकडे जानोरी-मोहाडीत हरितगृहांत गुलाब पिकतो. पण ते लांब दांड्यांचे वाण फुलदाणीतच शोभतात, अंगणात काटकुळे दिसतात.

अंगणासाठी झुपक्यांनी फुलणारा फ्लोरिबंडा घ्यावा : पांढरा ‘आइसबर्ग’ किंवा गुलाबतज्ज्ञ डॉ. बी. पी. पाल यांचा ‘दिल्ली प्रिन्सेस’. एकाच रंगाची तीन-पाच रोपे, दोन-दोन फुटांवर.

वेली गुलाब कुंपणावर न्यावा. अरुंद वाटेवर पाहुण्यांचे पदर अडकतात!

देवळ्यात पाऊस बेताचाच, म्हणून ठिबक आणि पालापाचोळ्याचे आच्छादन हवे. ऊन किमान सहा तास. डोळा भरलेला जोड मातीवर राहू द्यावा, त्याखालचे रानटी फुटवे काढावेत. छाटणी ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर.