बारा टोले, बारा द्राक्षे

प्रश्न : स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बारा द्राक्षे खाल्ली की वर्ष भाग्याचे जाते, असे मानतात. जादा पीक खपवण्यासाठी बागायतदारांनीच ही प्रथा काढली, हे खरे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अर्धेच खरे. १९०९ साली आलिकान्ते प्रांतात द्राक्षे अमाप पिकली आणि बागायतदारांनी ती भाग्याची म्हणून विकली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण माद्रिदमधल्या या रिवाजाचे उल्लेख १८९०च्या दशकातल्या वर्तमानपत्रांतच सापडतात. तिथली श्रीमंत घराणी फ्रेंचांचे पाहून वर्षअखेरीस शॅम्पेनबरोबर द्राक्षे खात. सामान्य माद्रिदकर पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाखाली जमून, श्रीमंतांची थट्टा करत तीच द्राक्षे खाऊ लागले, असे सांगतात. म्हणजे प्रथा शहरातली. ती देशभर पोचवण्यात बागायतदारांचा हात मोठा.

रीत अशी : प्रत्येक टोल्याला एक द्राक्ष, वर्षाच्या एकेका महिन्यासाठी एक. बारावा टोला विरेपर्यंत बारा संपली पाहिजेत. दोन टोल्यांत जेमतेम तीन सेकंद मिळतात. त्याआधी पाव-पाव तासाचे जोडटोले पडतात. नवखे तेव्हाच खायला लागतात आणि फसतात. १९६२पासून हे टोले दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि सारा देश एकाच ठोक्याला खाऊ लागला. मेक्सिको, पेरू, व्हेनेझुएला अशा देशांतही ही प्रथा रुजली आहे.

ऐन थंडीत ताजी द्राक्षे येतात ती मुख्यतः आलिकान्तेतल्या विनालोपो खोऱ्यातून. तिथे उन्हाळ्यातच घडांवर कागदी पिशव्या चढवतात. त्यामुळे कीड लागत नाही, फळ सावकाश पिकते आणि साल पातळ राहते. आपल्या नाशिककडेही घडांना कागद लावतात, त्यामुळे ही मेहनत आपल्या बागायतदारांना समजावून सांगावी लागणार नाही.

द्राक्षांनी नशीब बदलत नाही. मात्र घरातली सगळी माणसे एका क्षणी एकच गोष्ट करतात, हे त्या प्रथेचे खरे मोल आहे आणि म्हणूनच ती टिकली आहे. आपल्याकडे करून पाहायची असेल तर अवश्य पाहा. पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे द्राक्ष देऊ नका, ते घशात अडकू शकते. त्यांच्यासाठी प्रत्येक द्राक्ष उभे चिरून चार फोडी करा आणि टोल्यांची घाई न करता सावकाश खाऊ द्या.